केव्हीएम स्विचचा तोच तोच त्रास: कीबोर्ड जातो, स्क्रीन काळी होते, माऊस अडकतो

माझ्या टेबलावर दोन मशीन आहेत, ऑफिसचा लॅपटॉप आणि घरचा डेस्कटॉप. समोर मॉनिटर एकच, कीबोर्ड एकच, माऊस एकच, आणि मधे केव्हीएम स्विच, म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस दोन मशीनमध्ये वाटून देणारा डबा. बटण दाबलं की तिन्ही गोष्टी या मशीनवरून त्या मशीनवर जातात. चारेक वर्षं हेच चाललंय आणि आता ओळखीतल्या बऱ्याच जणांनी घरी असा डबा आणलाय, त्यामुळे कुणाचा ना कुणाचा फोन येत असतो आणि तक्रारी फिरून फिरून त्याच असतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितोय.

आधी माझाच किस्सा, कारण त्यात माझे दोन महिने गेलेत. दिवसभर सगळं व्यवस्थित चालायचं. संध्याकाळी सात-साडेसातनंतर मात्र कीबोर्डची लाईट एकदम विझायची, दोन सेकंदांनी परत यायची आणि मधे जे टाईप केलं ते कुठेच नसायचं. दहा मिनिटांत तीनदा व्हायचं, कधी तासभर काहीच नाही. मी कीबोर्ड बदलून बघितला, केबल बदलली, ड्रायव्हर झाले, शेवटी एका रविवारी विंडोज नव्याने टाकलं, सोमवारी संध्याकाळी परत तेच. मग एक दिवस ऑफिसची मीटिंग रात्री होती, लॅपटॉप दहा वाजेपर्यंत चालू राहिला, आणि त्या दिवशी कीबोर्ड एकदाही गेला नाही. तिथे ट्यूब पेटली.

झालं होतं असं, की माझ्या डब्याला स्वतःचा अ‍ॅडॅप्टर नव्हता. असे डबे दोन्ही मशीनच्या यूएसबी केबलमधून करंट घेतात. दिवसा दोन्ही मशीन चालू, दोन्हीकडून करंट येतोय, भागतंय. संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी लॅपटॉप बंद करायचो, त्याचा यूएसबी पोर्ट मरायचा आणि सगळा भार एकट्या डेस्कटॉपवर. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० चा ९००. आणि मी डब्यात काय काय खुपसलेलं, तर लाईटवाला कीबोर्ड, माऊस, वेबकॅम, हेडसेटचा डोंगल (यूएसबीत खोचायचा चिमुकला वायरलेस रिसीव्हर), आणि डबा स्वतः खातो ते वेगळंच. यूएसबीच्या मधे लावायचा छोटा मीटर मिळतो, दोन-चारशे रुपयांचा, तो डबा आणि वेबकॅमच्या मधे लावला. लॅपटॉप चालू असताना ४.९ व्होल्ट, लॅपटॉप बंद केल्यावर ४.५, वेबकॅम चालू केला की ४.३, आणि तिथेच कीबोर्डची लाईट विझली. दोन महिन्यांचं कोडं माझ्या डोळ्यांसमोर एका मिनिटात सुटलं. डब्याच्या बाजूला ५ व्होल्टची पिन होती, अ‍ॅडॅप्टर मात्र सोबत आलेला नव्हता. बाजारातून आणून लावला, त्यानंतर आजपर्यंत कीबोर्ड एकदाही गेलेला नाही.

म्हणून कुणीही फोन केला की मी पहिलं विचारतो, अ‍ॅडॅप्टर लावलाय का. नसेल तर कीबोर्ड-माऊस सोडून बाकी सगळं डब्यातून काढा आणि दोन दिवस बघा. हार्डडिस्क तर या डब्यात लावूच नका, फिरणारी हार्डडिस्क सुरू होताना एकदम जास्त करंट खेचते, आणि शिवाय तुम्ही बटण दाबलंत की ती सरळ उपटल्यासारखी निघते, फाईल कॉपी होत असेल तर ती गेली.

अ‍ॅडॅप्टर लावताना एक गोष्ट कृपया नीट बघा. वायफाय राउटरचा अ‍ॅडॅप्टर बहुतेक वेळा १२ व्होल्टचा असतो आणि त्याची गोल पिन या डब्याच्या भोकात बरेचदा अगदी फिट बसते. माझ्या मेव्हण्याने घरात पडलेला जुना राउटरचा अ‍ॅडॅप्टर असाच लावला, ५ व्होल्टच्या डब्याला १२ व्होल्ट, जळका वास आला आणि डबा गेला. नशीब दोन्ही मशीन वाचली. अ‍ॅडॅप्टरवर बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं, मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचा, व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी नकोत. पिनच्या मधे प्लस आहे का मायनस त्याचं गोल चिन्हही दोन्हीकडे सारखं हवं.

आता रिसेट. "सगळं बंद करून चालू केलं, काही फरक नाही" असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो आणि विचारलं की कळतं, फक्त अ‍ॅडॅप्टर काढला होता. यूएसबीच्या केबलमधून डब्याला करंट येतच असतो हो, त्यामुळे अ‍ॅडॅप्टर काढून तो बंद होतच नाही. खरा रिसेट म्हणजे अ‍ॅडॅप्टर, दोन्ही मशीनच्या यूएसबी, व्हिडिओच्या केबल, सगळं काढायचं, डब्यावरचा एकही दिवा चालू नको, मिनिटभर थांबायचं. मग आधी मॉनिटर चालू, मग डब्याचा अ‍ॅडॅप्टर, मग कीबोर्ड-माऊस, मग एक मशीन जोडून चालू करायचं, ते पूर्ण उठलं की दुसरं. हा क्रम मी मुद्दाम सांगतोय, त्याचं कारण पुढच्या तक्रारीत आहे.

ती तक्रार म्हणजे, बटण दाबलं की स्क्रीन काळी. किंवा चित्र येतं पण सगळं अवाढव्य दिसतं, रिझोल्यूशन पार १०२४ बाय ७६८ वर पडलेलं. किंवा परत आल्यावर उघडलेल्या सगळ्या विंडो एका कोपऱ्यात गोळा झालेल्या. ही तिन्ही एकाच आईची लेकरं आहेत.

साधा केव्हीएम बटण दाबल्यावर नेमकं काय करतो तर या मशीनमधून मॉनिटर उपटतो आणि त्या मशीनमध्ये खोचतो, तुम्ही हाताने कराल तेच. मॉनिटर जोडला की तो मशीनला स्वतःची ओळख सांगतो, माझी कंपनी ही, मला इतकी रिझोल्यूशन चालतात, वगैरे. या माहितीला ईडीआयडी म्हणतात, तिचा मूळ भाग फक्त १२८ बाइटचा असतो. एचडीएमआय, म्हणजे चित्र नेणाऱ्या केबलच्या १९ नंबरच्या पिनवर मॉनिटर आहे का नाही याचा इशारा असतो, तो गेला की मशीन समजतं मॉनिटर काढला, आणि विंडो आवरून घेतं. परत खोचल्यावर ही ओळखपरेड नीट झाली नाही, म्हणजे मॉनिटर अजून झोपेतून उठतोय आणि मशीनने विचारूनही झालं, तर मशीन अंदाजाने काहीतरी खालचं रिझोल्यूशन धरतं किंवा चित्रच पाठवत नाही. म्हणून वरच्या क्रमात मॉनिटर पहिला.

चांगल्या डब्यात ईडीआयडी इम्युलेशन असतं, म्हणजे तुम्ही दुसऱ्या मशीनवर असतानाही डबा पहिल्या मशीनला सांगत राहतो की मॉनिटर आहे बरं का, कुठे गेला नाही. विकत घेताना हे विचाराच, माझ्या मते दोन जास्तीच्या यूएसबी पोर्टपेक्षा या गोष्टीला पैसे मोजावेत. डबा आधीच घेऊन झाला असेल तर अंगठ्याएवढा ईडीआयडी इम्युलेटर वेगळा मिळतो, तो मशीन आणि डब्याच्या मधे लावायचा, डबा आणि मॉनिटरच्या मधे नाही. तिथे लावून काही होत नाही, कारण मशीनच्या बाजूने तोड तर डब्यातच पडते ना. डिस्प्लेपोर्टवर, म्हणजे एचडीएमआयसारख्याच दुसऱ्या प्रकारच्या जोडणीवर, हा विंडो गोळा होण्याचा त्रास जास्त जाणवतो. विंडोज ११ मध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे मॉनिटर जोडणीप्रमाणे विंडोच्या जागा लक्षात ठेवण्याचा एक टिक आहे आणि मॉनिटर काढल्यावर विंडो मिनिमाईझ करण्याचा दुसरा, दोन्ही चालू ठेवून बघा, बऱ्यापैकी सुटका होते.

ओटीटीवरचा सिनेमाच फक्त काळा दिसतो आणि बाकी सगळं छान, असं असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं एचडीसीपी नावाचं कुलूप डब्याला उघडता येत नाहीये. तिथे केबल बदलून उपयोग नाही, डबाच ते मानणारा हवा.

फोर-केवाल्यांचं थोडं लांबण लावतो. डब्याच्या खोक्यावर फोर-के मोठ्या अक्षरात असतं आणि खाली बारीक अक्षरात ३० हर्ट्झ, म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं. एचडीएमआय १.४ मधून सेकंदाला १०.२ गिगाबिट जातात, त्यात फोर-के ३० हर्ट्झलाच बसतं, ६० हर्ट्झसाठी २.० लागतं, म्हणजे १८ गिगाबिट. ३० वर माऊस हलवला की तो मागे मागे रेंगाळल्यासारखा वाटतो आणि लोक माऊस बदलत बसतात. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट किती दाखवतंय ते आधी बघा.

दुसरं म्हणजे चित्र मधूनच एक-दोन सेकंद जातं, किंवा काळ्या भागात पांढरे ठिपके चमचमतात. हे बहुतेक केबलचं असतं. ओळखायची युक्ती सोपी आहे, सेटिंगमध्ये जाऊन ६० चं ३० हर्ट्झ करा किंवा रिझोल्यूशन सरळ १०८० (फुल एचडी) वर आणा. त्रास लगेच थांबला तर केबलला तेवढा भार झेपत नाहीये. आणि इथे लोक एक हिशोब विसरतात, मशीन ते डबा दोन मीटर आणि डबा ते मॉनिटर तीन मीटर अशी ती एकूण पाच मीटर झाली, साधा डबा मधे सिग्नलला ताकद देत नाही, उलट दोन सांधे वाढले. जमेल तेवढ्या आखूड केबल घ्या, आणि दोन्ही मशीनच्या केबल सारख्याच घ्या, म्हणजे एका बाजूला बिघडलं तर तुलना करता येते. डिस्प्लेपोर्टच्या काही स्वस्त केबलमध्ये २० नंबरची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते, ती जोडलेली नसायला हवी, त्यामुळे मॉनिटरचा करंट उलटा मशीनमध्ये घुसतो आणि मग मशीन नीट बंदच होत नाही किंवा चालूच होत नाही असले विचित्र प्रकार होतात. असं काही दिसलं तर पहिला संशय केबलवर घ्या.

कनेक्टरही बघा. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयला जाणारा साधा कनेक्टर चालतो, पण तोच उलटा लावून एचडीएमआयच्या मशीनवरून डिस्प्लेपोर्टच्या डब्यात जाता येत नाही, त्याला वेगळा, बहुतेक यूएसबीतून करंट घेणारा कनेक्टर लागतो. आणि लॅपटॉपचा टाईप-सी पोर्ट असला म्हणजे त्यातून चित्र येतंच असं नाही, काही पोर्ट फक्त डेटा आणि चार्जिंगचे असतात.

आता कीबोर्ड. "हॉटकी चालत नाही", म्हणजे कीबोर्डवरूनच मशीन बदलायची खूण चालत नाही, हा फोन महिन्यातून एकदा तरी येतो. बऱ्याच डब्यांवर स्क्रोल लॉक दोनदा दाबायचं आणि मग नंबर, काहींवर कंट्रोल दोनदा. हा इशारा डबा स्वतः ऐकतो, पण फक्त कीबोर्डचं चित्र काढलेल्या पोर्टवरच ऐकतो. कीबोर्ड शेजारच्या साध्या यूएसबी पोर्टात लावला तर टायपिंग होतं पण हॉटकी होत नाही, कारण तिथून सगळं थेट मशीनकडे जातं. आता याची दुसरी बाजू पण आहे, कीबोर्डच्या खास पोर्टवर डबा मशीनला एक साधा कीबोर्ड असल्याचं भासवतो, त्यामुळे गेमिंगचे कीबोर्ड, ज्यादा बटणंवाले कीबोर्ड तिथे अर्धवट चालतात, लाईटचं सॉफ्टवेअर त्यांना ओळखत नाही, काही तर अजिबात उठत नाहीत. असे कीबोर्ड साध्या पोर्टात लावा आणि मशीन बदलायला डब्यावरचं बटण वापरा. दोन्ही सुख एकत्र मिळायचं तर महागाचा डबा लागतो. छोट्या कीबोर्डवर स्क्रोल लॉकचं बटणच नसतं, तेव्हा डब्याच्या माहितीपत्रकात दुसरी हॉटकी निवडता येते का बघा.

कंट्रोलवाली हॉटकी असेल तर अजून एक गंमत होते, दुसऱ्या मशीनवरून परत आलात की नुसतं टाईप केलं तरी भलतंच होतं, एस दाबला की फाईल सेव्ह, डब्ल्यू दाबला की टॅब बंद. याचं कारण, तुम्ही निघून गेलात तेव्हा त्या मशीनला कंट्रोल दाबल्याचं कळलं पण सोडल्याचं कळलंच नाही. परत आल्यावर डावं आणि उजवं कंट्रोल एकेकदा दाबून सोडा, ठीक होतं.

मशीन सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोज यायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, कीबोर्ड चालत नसेल तर बायोसमध्येच लेगसी यूएसबी सपोर्ट चालू करा आणि फास्ट बूट बंद करा, तेवढ्यापुरता कीबोर्ड थेट मशीनला लावावा लागेल. विंडोज उठल्यावर काही वेळाने कीबोर्ड झोपत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधला वीज वाचवायला बंद करण्याचा टिक काढा.

मराठी टाईप करणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, कीबोर्डचा लेआउट डब्यात नसतो, प्रत्येक मशीनमध्ये आपापला असतो. माझ्या लिनक्सवर इनस्क्रिप्ट हा मराठी लेआउट मी सुरुवातीला कमांडने लावायचो आणि एकदा लॅपटॉपवर जाऊन आलं की इंग्रजी परत आलेलं असायचं, कारण प्रत्येक वेळी मशीनला नवा कीबोर्ड जोडल्यासारखं वाटतं आणि त्याला मूळचा लेआउट लागतो. कमांडऐवजी सिस्टिमच्या कीबोर्ड सेटिंगमधून कायमचा लावला, तेव्हापासून टिकतोय.

माऊस धक्के खात चालतो, मधेच थांबतो, आणि तो वायरलेस आहे, तर एक मिनिट डब्याच्या मागे जाऊन बघा. निळ्या यूएसबी ३.० पोर्टाला चिकटून माऊसचा डोंगल आहे का. यूएसबी ३.० चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट होतो, वायरलेस माऊस त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहिलेलं आहे. यूएसबी २.० ची एखादी मीटरभर एक्स्टेंशन वायर घ्या आणि डोंगल टेबलावर माऊसजवळ आणून ठेवा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी या त्रासाला कंटाळून तिसरा माऊस आणला होता, शंभर-सव्वाशेच्या वायरने काम झालं.

लाईटचं पण बोललं पाहिजे, आपल्याकडे ते टाळून चालत नाही. पुण्यात गुरुवारी लाईट जायची सवय आहे सगळ्यांना. लाईट गेली की इन्व्हर्टर घेतो, पण घेताना अगदी क्षणभराचा खंड पडतो, लॅपटॉपला बॅटरी आहे, डेस्कटॉपला यूपीएस आहे, पण डब्याचा चिमुकला अ‍ॅडॅप्टर भिंतीतल्या बोर्डावर असतो, तो तेवढ्यात झोका खातो आणि डबा रिसेट होऊन एक नंबरवर जाऊन बसतो, किंवा अर्धवट लटकतो. डब्याचा अ‍ॅडॅप्टर यूपीएसवर घ्या, त्याला वीज लागते ती किती, नगण्य.

अर्थिंगही तपासून घ्या. सांगलीला मावसभावाच्या दुकानात अजून जुना व्हीजीएचा केव्हीएम आहे, दोन बिलिंग मशीनला एक मॉनिटर. स्क्रीनवर खालून वर हळू सरकणारे फिकट पट्टे यायचे. दोन मशीन दोन वेगळ्या बोर्डांवर होती आणि एका बोर्डाला अर्थिंगच नव्हतं. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घेतलं, दोन्ही मशीन एकाच बोर्डावर आणली, पट्टे गेले. डब्याच्या किंवा लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते अंगावर काढू नका, आधी अर्थिंग बघून घ्या. आणि जुन्या गोल पिनचे, म्हणजे पीएस-टूचे कीबोर्ड-माऊस असतील तर ते मशीन चालू असताना काढू-घालू नका, ते त्यासाठी बनलेलेच नाहीत.

हे सगळं करूनही जात नसेल तर मग डब्यावर संशय घ्या, पण तोही पद्धतशीर. आधी डबा बाजूला ठेवून मशीन थेट मॉनिटरला जोडा, तिथेच प्रॉब्लेम असेल तर डब्याचा काही दोष नाही. थेट ठीक चालत असेल तर डब्यावर एक नंबरच्या केबल दोनवर आणि दोनच्या एकवर लावा. त्रास मशीनबरोबर दुसऱ्या नंबरवर गेला तर मशीन किंवा केबल, मग नुसती केबल अदलाबदल करून त्यातलं कोण ते शोधा. त्रास त्याच नंबरवर राहिला, मशीन कुठलंही लावा, तर डब्याचा तो पोर्ट गेलाय. हे करताना प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नंबर लिहून लावा, नाहीतर तिसऱ्या अदलाबदलीनंतर कुठली कुठे होती ते कुणालाच सांगता येत नाही. पोर्ट गेल्याची खात्री झाली की या अदलाबदलीचा मोबाईलवर सलग एक व्हिडिओ काढून ठेवा, मधे न कापता, नंबर दिसतील असा. वॉरंटीवाला हटकून केबलवर ढकलतो, तेव्हा तोच पुढे करायचा.